मंडळाच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड

११ जानेवारी १९९८, रविवार

आजपासून इथे लिहायचं ठरवलंय. हातानं लिहिलेलं आता माझं मलाच लागत नाही, ओळी एकमेकींच्या अंगावर चढतात. इथे अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं, बबननं दाखवलं. मी इतकं मोठं केलंय की एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावतात. लांबून कुणी बघितलं तर दुकानाची पाटी वाटेल. पण बघणार कोण? दुपार आहे, खोलीचं दार आतून लावलंय, आणि वर पासवर्ड आहे.

टाइप करायला मात्र डोळे लागत नाहीत. कारखान्याच्या टाइम ऑफिसात मराठी टायपिंग करण्यात माझी उभी हयात गेली. कारखाना बंद पडला, गेटाला सील लागलं, पण बोटांना अजून अक्षरं पाठ आहेत. बबननं मराठी अक्षरांची फ्लॉपी घातली तेव्हा मी एवढंच विचारलं, की बटणं मशीनवरच्याच जागी आहेत ना? आहेत म्हणाला. मग झालं.

कॉम्प्युटर माझा नाही, मंडळाचा. प्रबुद्ध मित्र मंडळ, बुवापाडा, अंबरनाथ. बबन आमच्याच गल्लीतला. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये लछमनदास साईंच्या दुकानात तो कॉम्प्युटर जुळवतो. साईंनी जुने भाग देऊन टाकले, यानं ते जोडले आणि विहाराशेजारच्या खोलीत आणून बसवले. आमचे अध्यक्ष रामभाऊ म्हणाले, "चावी शिरसाटांकडे." म्हणजे माझ्याकडे. कुणी दुसरं नाव घेतलं नाही.

घेणार कसं? १९८४ साली मंडळाचा टीव्ही आला तेव्हाही चावी माझ्याकडेच होती. लाकडी खोका, त्याला सरकतं शटर, शटरला कुलूप. ती चावी माझ्या गळ्यात असायची. संध्याकाळी मी शटर सरकवायचो तेव्हा बाहेरच्या ओट्यापर्यंत माणसं दाटलेली असायची आणि माझी बायको राजाबाई दाराशी तांदूळ निवडत बसलेली असायची. तिला घरात तांदूळ निवडायला काय होत होतं कुणास ठाऊक. ते दिवस वेगळेच होते.

या वेळी मी ठरवलं की नुसतं दाराचं कुलूप पुरे नाही. नऊ घरं कॉम्प्युटर वापरणार, तर नऊ नावं आणि नऊ पासवर्ड. प्रत्येकानं आपला पासवर्ड माझ्या कानात सांगायचा. कागदावर काही ठेवायचं नाही. अख्ख्या शिफ्टच्या कामगारांचे टोकन नंबर ज्याच्या डोक्यात होते त्याला नऊ शब्द म्हणजे काय.

बबन म्हणाला, "काका, एक सांगू का? या पासवर्डचं काय आहे ना, तो खाली फक्त..."

"बबन," मी म्हटलं, "तू जन्मायच्या आधीपासून मी गेटावर माणसं आतबाहेर करतोय. कुलूप कशाला म्हणतात ते मला शिकवू नकोस."

"बरोबर आहे काका," म्हणाला आणि स्क्रू पिळत बसला. पोरगा हुशार आहे, पण एकदा बोलायला लागला की थांबत नाही.

२४ जानेवारी

चांगुणा परत पासवर्ड विसरली. ही आमच्या भिंतीपलीकडची, अंगणवाडीत मदतनीस. राजाबाई गेल्यापासून माझी रात्रीची भाकरी हिच्याच घरून येते. महिला मंडळाच्या बायका जयंतीला जी गाणी म्हणतात ती सगळी टाइप करून पुस्तक काढायचं हिनं मनावर घेतलंय. एका बोटानं टाइप करते, पण करते.

"काका, काय होता हो माझा?"

मी तिच्या कानात सांगितलं, "मैना." इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण येतंय.

"घरच्या बकरीचं नाव विसरतेस?"

"बकरी विकली ना काका. आता नाव कसं राहील डोक्यात?"

प्रत्येक घराला पडद्याचा वेगळा रंगही दिलाय. पासवर्ड बरोबर पडला की आपापला रंग येतो. माझा पिवळा. पिवळा मला अजून बरा दिसतो.

२ फेब्रुवारी, सोमवार

काल खोलीच्या पायरीवरून पडलो. गुडघा सोलला. रामभाऊ धावत आले, त्यांना म्हटलं, चप्पल सटकली. चप्पल बिचारी जागच्या जागी होती. मला पायरीच दिसली नव्हती.

कुणाशी तरी खरं बोलायलाच हवं, म्हणून इथे बोलतो. वर्षभर झालं, डोळ्यांपुढे धुकं आहे. आधी वाटलं चष्म्याचा नंबर. चष्मा बदलला, धुकं तसंच. आता माणसं आकारावरून ओळखतो. रामभाऊ रुंद, बबन लांब, चांगुणा चालते भरभर म्हणून. एका जागी उभी राहिली तर चांगुणा का दुसरी कुणी, सांगता येत नाही.

माझ्या आईला, भिमाबाईला, असंच झालं होतं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाला, गेली ती नजर गेली, परत येत नाही. पुढे किती वर्षं ती ओट्यावर बसून होती. कुणी आलं की मान वर करून विचारायची, "कोण हाय?" लोक गंमत करायचे, उत्तर द्यायचे नाहीत, ती परत विचारायची. तिचं ते मान वर करणं मला आता सारखं दिसतं. बाकी काही नीट दिसत नाही, ते मात्र दिसतं.

डॉक्टरकडे जाणार नाही. एकदा त्यानं तोंडानं काचबिंदू म्हटलं की संपलं. मंडळ म्हणेल, आंधळ्याच्या हातात चावी कशाला. चंदू, माझा मुलगा, बदलापूरला टेम्पो घेऊन येईल आणि मला सामानासकट उचलून नेईल. मला भीती वाटते. हे वाक्य टाइप करायला चांगला अर्धा तास लागला, पण खरं तेच आहे.

१२ फेब्रुवारी

आज फार वाईट झालं. संध्याकाळी दार नुसतं ओढून रामभाऊंकडे गेलो, चहा पिऊन परत आलो तर मशीन चालू होतं, आणि पडदा हिरवट निळा. नऊ घरांपैकी कुणालाच मी तो रंग दिलेला नाही. चष्मा पुसला, डोळे धुऊन आलो, तरी तोच. मशीन बंद करून परत चालू केलं, पासवर्ड घातला, तेव्हा पिवळा आला.

म्हणजे आता रंगही फिरायला लागले. आईचंही शेवटी असंच झालं असेल का? तिला कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र चांगली आहे. शिस्त लागतेय लोकांना. पंधरा-वीस दिवस झाले, चांगुणानं पासवर्ड विचारलेला नाही. बबनही विचारत नाही, रामभाऊही नाही. येतात, बसतात, आपापलं काम करतात. मी दाराशी स्टुलावर असतो.

२६ फेब्रुवारी

चंदूकडे बदलापूरला जाऊन आलो. सुनेनं हौसेनं सगळं केलं. दूध जवळच्या चामटोली गावाहून येतं, साय अशी की बोट उभं राहील. गॅलरीतून डोंगर दिसतो म्हणे. मी म्हटलं, हो, छान दिसतो.

"बाबा, आता इथंच राहा," चंदू म्हणाला. "तिथं एकटे काय करता?"

"मंडळाचं काम आहे."

"मंडळाचं काय काम? किल्ली सांभाळायची?"

त्याच्या घराच्या दाराला लॅच आहे, ओढलं की आपोआप लागतं. तिथे माझ्याकडे कशाचीच किल्ली नसेल.

जाताना खोलीची चावी चांगुणाकडे दिली होती. गाण्यांचं काम अडायला नको. तिला बजावलं होतं, "चावी दिलीय, पासवर्ड दिलेले नाहीत. जो तो आपापल्या पासवर्डनं." "हो काका," म्हणाली. आल्यावर चावी परत घ्यायला गेलो तर तिचा आवाज जड. विचारलं तर म्हणाली, कांदा चिरत होते. घरात वास मात्र बोंबलाचा होता.

निघताना म्हणाली, "काका, तुम्ही एवढं मोठं अक्षर... म्हणजे मी म्हटलं, माझ्या पुस्तकाला अक्षर किती मोठं ठेवू?"

"म्हाताऱ्या बाया वाचणार ना, मोठंच ठेव," मी म्हटलं.

८ मार्च, रविवार

लोकांत फरक पडलाय. आधी आत येताना "जय भीम काका" एवढंच म्हणायचे. आता पुढे नावही लावतात. "जय भीम काका, मी बबन." "जय भीम काका, मी चांगुणा, संगं बकुळा आलीय." रामभाऊ अध्यक्ष माणूस, तेसुद्धा दारात थांबून म्हणाले, "जय भीम आनंदराव, मी रामभाऊ हाय."

हा पासवर्डचा परिणाम. टाइम ऑफिसात माझा नियमच होता, आधी टोकन नंबर, मग बाकीचं बोलणं. नाव सांगितल्याशिवाय आत पाऊल नाही. तो नियम यांना न शिकवताच आला. मला मनापासून बरं वाटलं. धुकं तसंच आहे, पण नाव ऐकलं की निम्मी धडधड कमी होते.

२० मार्च

पायरीला कुणीतरी पिवळा पट्टा ओढलाय. चांगला हातभर रुंद, पार लांबूनही कळतो. रामभाऊंना विचारलं तर म्हणाले, "जयंतीच्या कमानीचा रंग उरला व्हता, वाया कशाला घालवायचा." जयंतीला अजून महिना आहे, कमान रंगवायला घेतलेलीही नाही. रामभाऊंचं वय झालं आता.

बाकडंही मधून काढून भिंतीला लावलंय. चांगुणा म्हणाली, झाडायला बरं पडतं.

५ एप्रिल, रविवार

आज मंडळाची बैठक. रामभाऊंनी विषय काढला, की कॉम्प्युटरचं काम वाढलंय, एखाद्या तरण्या माणसाकडे चावी द्यावी का. वाटलं, कळलं यांना. हात मांडीखाली दाबून बसलो.

बबन उठून म्हणाला, "रामभाऊ, कायको? काका आहेत ना." चांगुणा म्हणाली, पासवर्ड सगळ्यांचे काकांकडे आहेत, दुसऱ्याला काय जमणार. बकुळा, जी बैठकीत कधी तोंड उघडत नाही, तीसुद्धा म्हणाली, "काकांचीच राहू द्या." रामभाऊ म्हणाले, "मी तरी दुसरं काय म्हणतोय? सगळ्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच." आणि विषय मिटला.

शिस्तीचा माणूस लोकांना आवडत नाही असं राजाबाई नेहमी म्हणायची. तिला आज बैठकीत आणायला पाहिजे होतं.

१५ एप्रिल

काल जयंती झाली. गाण्यांचं पुस्तक निघालं, शेवटच्या पानावर 'व्यवस्था : आनंदा शिरसाट' असं छापलंय. बबननं वाचून दाखवलं, मी विचारलं नव्हतं तरी.

रात्री लवकर परत आलो. पूर्वी जयंतीला तिन्ही शिफ्टचे लोक मिरवणुकीत यायचे, भोंगा झाला की पहिल्या पाळीचे थेट गेटातून येऊन मिसळायचे, अंगाला मशीनच्या तेलाचा वास. अंबरनाथमध्ये तेव्हा घड्याळ लागायचं नाही. कुठल्या कारखान्याचा भोंगा कुठला हे बायकांनासुद्धा आवाजावरून कळायचं. राजाबाई माझ्या भोंग्यावर तवा ठेवायची. आता एकेक करत सगळे भोंगे बंद झाले. काल मिरवणूक मोठी होती, पोरं खूप नाचली, पण मला राहून राहून वाटत होतं की आता भोंगा होईल.

चंदू आला होता. सहज आलो म्हणाला. चांगुणाशी ओट्यावर बराच वेळ हळू आवाजात बोलत होता. मी गेलो तसे दोघं हवापाण्यावर आले.

३ मे, रविवार

बुद्ध पौर्णिमेला विहारात मोफत नेत्र तपासणी शिबिर. अंबरनाथ पूर्वेच्या डॉक्टरीणबाई येणार. नोटीस मीच टाइप केली. मोतीबिंदू, काचबिंदू, चष्म्याचा नंबर, सगळं तपासणार. 'काचबिंदू' टाइप करताना बोट अडलं. आजवर मंडळानं रक्तदान केलं, वह्या वाटल्या, डोळ्यांचं कधी कुणाला सुचलं नव्हतं, ते नेमकं आताच सुचावं.

मी ठरवलंय, गेटावर बसून नंबर लावायचे. आत जायचं नाही.

चांगुणा आली. म्हणाली, "काका, बाया घाबरतात हो. म्हणतात डोळ्यांत औषध घालून आंधळं करतात. म्हणून कमिटीनं ठरवलंय, आधी व्यवस्था बघणाऱ्यांनी तपासून घ्यायचं, सगळ्यांसमोर. मग बाकीचे. रामभाऊ दुसरे."

"आणि पहिला कोण?"

"व्यवस्था तुमची आहे ना. पुस्तकात छापलंय तसं."

नियम म्हणजे नियम. तोही सगळ्यांसमोर. मला त्यातून वाट काढता येईना.

१२ मे

काल शिबिर झालं.

पहिल्या नंबरावर मी बसलो. मागे सगळा बुवापाडा उभा. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ बॅटरी मारली, कसल्याशा यंत्रात हनुवटी ठेवायला लावली. मी म्हटलं, "बाई, काचबिंदू असला तर हळू सांगा. मागे माणसं आहेत."

त्या म्हणाल्या, "कोण म्हणतं काचबिंदू? मोतीबिंदू आहे आजोबा, दोन्ही डोळ्यांत. पिकलाय चांगला. काढला की दिसेल."

"आईला काचबिंदू होता."

"तो मी तपासला. तुम्हाला नाही."

दिसेल म्हणाल्या. इतके दिवस मी तोंड लपवून आईसारखा ओट्यावर बसायची तयारी करत होतो. मागे कुणीतरी मोठ्यानं नाक शिंकरलं, मग दुसऱ्यानं. बबन म्हणाला, "चलो, रामभाऊ, नेक्स्ट," आणि त्याचा आवाज फाटला. मला नवल वाटलं. यांना एवढं काय झालं? माझ्या डोळ्यांचं तर कुणाला काही ठाऊकच नव्हतं.

आणि मी सगळ्यांसमोर रडलो, तेही लिहून ठेवतो.

१२ जुलै, रविवार

दोन महिन्यांनी मशीनसमोर बसलोय. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं दिवाळीनंतर. पट्टी होती तोवर आणि नंतरही चंदूकडे होतो, खोलीची चावी चांगुणाकडे. पोरानं फार केलं माझं. गॅलरीतून डोंगर खरंच दिसतो.

पट्टी होती तेव्हा चांगुणा भेटायला आली होती. हसवायला म्हणून जुन्या गोष्टी काढल्या. म्हणाली, "काका, टीव्हीचं ते शटर राजाक्का केसांच्या आकड्यानं उघडायची. दुपारी तुम्ही ड्युटीवर, अन् आम्ही सगळ्या क्रिकेट बघायचो. संध्याकाळी तुम्ही चावीनं उघडलं की आक्का आमच्याकडं बघून तांदळात तोंड घालायची." मी म्हटलं, राजाबाई असलं करणार नाही, तुला कुणीतरी भलतंच सांगितलंय. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

काल बुवापाड्याला परत आलो. आज दुपारी खोली उघडली, काळा चष्मा काढला आणि मशीन चालू केलं. पासवर्डची चौकट आली. आजवर ती चौकट म्हणजे मला एक राखाडी ठिगळ होतं. नाव, खालच्या ओळीत पासवर्ड, एंटर, सगळं बोटांच्या सवयीनं. आज पहिल्यांदा वाचली. उजवीकडे दोन बटणं आहेत. वरच्यावर ओके लिहिलंय. खालच्यावर कॅन्सल.

कॅन्सल म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. कारखान्यात हजेरीच्या कार्डावर कॅन्सलचा लाल शिक्का बसला की माणूस गेटाबाहेर, मग तो साहेबाचा मेहुणा का असेना. म्हटलं, बघू हे यंत्र कसं बाहेर काढतं ते. दाबलं.

सरळ आत गेलो. ना नाव, ना पासवर्ड. पडदा हिरवट निळा, फेब्रुवारीत दिसला होता तोच. म्हणजे माझा डोळा त्या दिवशी बरोबर होता. आणि आत सगळ्यांचं सगळं एकाच ढिगात. चांगुणाची गाणी, बबनच्या दुकानाचे हिशेब, रामभाऊंचा नगरपालिकेला पाण्याबद्दलचा अर्ज, आणि हे माझं. अलीकडे काय काय उघडलं याची यादी असते, तिच्यात सर्वांत वर हे माझं. मी तर दोन महिने इथे नव्हतो.

बबन पहिल्या दिवशी हेच सांगत होता. मी त्याला कुलूप शिकवायला निघालो होतो.

आधी संताप आला. मग कान गरम झाले. आईचं, पायरीचं, भीती वाटते म्हणालो ते, सगळं वाचलं यांनी. वाटलं, दार ओढून घ्यावं, चावी रामभाऊंच्या अंगावर फेकावी आणि बदलापूरची गाडी पकडावी. मग म्हटलं, काय काय वाचलं ते तरी बघू. पहिल्यापासून वाचायला लागलो. पायरीवरून पडलो ते आलं, मग पिवळा पट्टा आला. आईचं "कोण हाय?" आलं, आणि त्याच्यापुढे "जय भीम काका, मी बबन." वाचता वाचता पडदा परत धूसर झाला. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हटलंय, पण आतून आलेल्याला काय करणार.

राजाबाईच्या आकड्याचंही आता खरं वाटतंय. इतकी वर्षं तिनं मला कळू दिलं नाही. माझी चावी तिनं माझ्या गळ्यात राहू दिली.

इतक्यात दारातून आवाज आला, "जय भीम काका, मी चांगुणा."

मी घाईनं मशीन बंद करून परत चालू केलं. तिची आज बसायची पाळी होती. मी स्टुलावर गेलो. आता माझा डोळा चांगला, खुर्ची समोर, पडदा मला स्वच्छ दिसत होता, आणि तिला ते ठाऊक होतं. तिनं नाव घातलं आणि थांबली. पदराशी चाळा केला. मग वळून म्हणाली, "काका, माझा पासवर्ड काय होता हो?"

सहा महिने वापरलाच नव्हता, राहणार कसा डोक्यात? मी उठलो, तिच्या कानात सांगितलं, "मैना." तिनं एका बोटानं घातला. गुलाबी पडदा आला, तिच्या घराचा. ती त्याच्याकडे पाहतच राहिली, विसरली होती आपला रंग.

तिच्यामागून बबन आला. "जय भीम काका, मी बबन." खुर्चीत बसला, माझ्याकडे बघितलं, डोकं खाजवलं. "काका, वो अपना पासवर्ड..." मी सांगितला. मग बकुळा. मग रामभाऊ, तेही कान पुढे करून उभे. नऊ घरांतल्या एकालाही आपला पासवर्ड आठवत नव्हता. मला नऊच्या नऊ आठवत होते. रांग ओट्यापर्यंत गेली होती, आणि मी प्रत्येकाच्या कानात सांगत होतो, तोंड गंभीर ठेवून.

सगळे गेल्यावर हे लिहितोय. तुम्ही हे वाचणारच, उद्या नाहीतर परवा, खालच्या बटणानं. वाचा. पण यापुढे माझ्याबद्दल काही कळलं तर पट्टे न ओढता तोंडावर सांगा, मी रागावेन आणि मग ऐकेन. चांगुणा, बोंबील बरे होते, पुढच्या खेपेला तिखट कमी घाल. बबन, मशीनवर काही बंदोबस्त करू नकोस, आहे तसं राहू दे. आणि पासवर्ड विसरलात की विचारायला येत जा, ते माझं काम आहे.

आता मला दिसतं. तुम्ही लांबून येताना ओळखू येता, चेहऱ्यासकट. तरी आत येताना नाव सांगत जा.